मुंडकं छाटलं, केंद्रकही काढलं, तरी या शेवाळाला नवी छत्री फुटते. ती कशी?

पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा ठिपका, हे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय. पण भूमध्य समुद्रात, उथळ पाण्यातल्या खडकांवर एक हिरवं शेवाळ वाढतं. खाली खडकाला धरणारा मुळांसारखा भाग, त्यावर काही सेंटिमीटरचा देठ आणि टोकाला छत्री. दिसायला थेट कुत्र्याची छत्रीच.

आणि हे सगळं मिळून पेशी एकच!

नाव अ‍ॅसिटाब्युलेरिया. एवढ्या मोठ्या पेशीत केंद्रकही एकच असतं आणि ते अगदी तळाशी असतं. म्हणजे साध्या कात्रीने केंद्रक वेगळं करता येतं.

१९३०च्या दशकात बर्लिनमध्ये योआखिम हेमरलिंग या जर्मन शास्त्रज्ञाने तेच केलं. त्याला शोधायचं होतं, की पेशीचा आकार ठरवतं कोण? केंद्रक, की भोवतालचं पेशीद्रव?

त्याने छत्री छाटली. केंद्रक असलेल्या तळाच्या भागाला नवा देठ, नवी छत्री आली. यात आश्चर्य नाही. पण केंद्रक नसलेला देठाचा तुकडाही कित्येक आठवडे जगला आणि त्यालाही छत्री आली! ती छाटल्यावर मात्र सहसा दुसरी येईना.

मग त्याने कलम केलं, आंब्याचं करतात तसंच. या शेवाळाच्या एका जातीची छत्री सलग, थाळीसारखी असते, तर दुसरीची बोटांसारखी फाटलेली. त्याने एकीच्या केंद्रकावर दुसरीचा देठ बसवला. पहिली छत्री आली ती दोघींच्या मधली. ती छाटली, तर पुढची आली ती केंद्रक ज्या जातीचं, त्याच जातीची.

पालिकेचं पाणी बंद झालं तरी गच्चीवरच्या टाकीतलं काही वेळ पुरतं, तसाच हा प्रकार. केंद्रक आकार घडवणारे पदार्थ बनवून देठात पाठवतं आणि ते तिथे साठून राहतात. केंद्रक गेलं तरी साठ्यावर एक छत्री निघते. कलमात जुन्या साठ्यात नवा माल मिसळला, म्हणून पहिली छत्री मिश्र.

हे पदार्थ नेमके कोणते, हे हेमरलिंगला सांगता आलं नाही. केंद्रकातला निरोप बाहेर नेणाऱ्या मेसेंजर आरएनएचा शोध लागला थेट १९६१ मध्ये. हेमरलिंगचे ते पदार्थ म्हणजे मुख्यतः हाच टिकाऊ आरएनए, असं आज मानलं जातं.

पण केंद्रकाची हुकूमशाहीही पूर्ण नाही बरं का. छत्री पूर्ण वाढल्याशिवाय केंद्रक विभाजित होत नाही. ती छाटत राहिलं तर ते नुसतं वाट बघत बसतं. आणि कोवळ्या शेवाळावर पिकलेल्या छत्रीचं कलम केलं, की तेच केंद्रक वेळेआधीच विभागायला लागतं.