साथीत सायकल चालवताय? धोका पायडलवर नाही, टपरीवर!

भंडारा : पहाटे वैनगंगेच्या पुलावरून कारधाकडे निघालेला हौशी सायकलस्वार असो की सायकलवर दूध-भाजी घेऊन शहरात येणारा विक्रेता, साथ आली की दोघांपुढे एकच प्रश्न असतो, बाहेर पडावे का? हौशी माणूस घरी थांबू शकतो. ज्याचे पोट सायकलवर आहे, त्याला ते शक्य नाही. म्हणून कोरोनाकाळात शिकलेले हे नियम दोघांनीही लक्षात ठेवावेत.

सरकार काय म्हणाले होते?
राज्य सरकारने ३१ मे २०२० रोजी ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश काढला. सायकल चालवताना अंतर आपोआप राखले जाते, म्हणून व्यायामासाठी सायकल वापरा, असे त्यात म्हटले होते. गटाने व्यायामाला मात्र मनाई होती.

मास्क हवा का?
एकट्याने सायकल चालवणाऱ्याला मास्कची सक्ती नाही. दोघे-तिघे सोबत असतील तर मास्क आणि अंतर दोन्ही हवे, असे केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले होते. दमछाक होणारा व्यायाम करताना मास्क नको, घामाने तो ओला होऊन श्वास घेणे जड जाते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे होते. थोडक्यात, मास्क खिशात ठेवा आणि थांबताच लावा.

अंतर किती?
पुढच्याच्या तोंडातून उडालेले थेंब मागच्यावर येऊ शकतात. एप्रिल २०२० मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी संगणकीय चाचणीवरून वेगात सायकल चालवताना २० मीटर अंतर सुचवले होते. त्यातून प्रत्यक्ष संसर्ग होतोच, हे सिद्ध झाले नव्हते. तरी अंतर ठेवायला पैसे लागत नाहीत.

खरा धोका कुठे?
सायकल थांबते तिथे. टपरीवर घोळक्याने चहा, एकाच बाटलीतले पाणी, खेटून काढलेला सेल्फी. पाणी स्वतःचे न्या, घरी येताच साबणाने हात धुवा.

कधी जाऊ नये?
ताप, खोकला असेल किंवा घरात रुग्ण असेल तर सायकल घरीच ठेवा. आजारातून उठल्यावर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. महामार्गाऐवजी कमी वर्दळीचा रस्ता निवडा, हेल्मेट घाला. साथीत दवाखान्यातली प्रत्येक खाट मोलाची असते. टाळता येणाऱ्या अपघाताने ती अडवू नका.