बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब

बाळ जन्मले, रडले, अंगावर पिऊ लागले, की घरची मंडळी निर्धास्त होतात. बहुधा ते बरोबरच असते. परंतु काही थोड्या बाळांच्या शरीरात उपजतच एक उणीव असते, आणि ती पहिले काही दिवस डोळ्यांना दिसत नाही.

ही उणीव कसली? आपल्या वऱ्हाडातली जिनिंग फॅक्टरी नजरेपुढे आणा. कापूस आत येतो, रुई आणि सरकी वेगळी होते. मधले यंत्रच बंद पडले तर? कापसाचा ढीग साचतो आणि पुढे रुई मिळत नाही. शरीरातही अन्नावर काम करणारी द्रव्ये असतात. त्यांना विकरे म्हणतात. एखादे विकर जन्मतःच काम करीत नसले, की नको तो पदार्थ साचतो आणि मेंदूला किंवा यकृताला इजा करतो.

असा दोष बहुतेक वेळा आई आणि बाप या दोघांकडून येतो. ती दोघेही स्वतः धडधाकट असतात. तेव्हा सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक. मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झाले असेल, तर धोका वाढतो.

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो, ही तक्रार सोडीत नव्हती. डॉ. फोलिंग यांनी ती लघवी तपासली आणि साचलेला पदार्थ ओळखला. या आजाराचे नाव फिनाइलकीटोनयूरिया. पुढे त्यावर खास आहार निघाला. तो पहिल्या आठवड्यांतच सुरू केला तर मेंदू वाचतो. उशीर झाला तर गेलेले सारे परत येत नाही. मग १९६०च्या सुमारास अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतले रक्त टिपकागदावर घेऊन तपासण्याची रीत काढली. अशाच थेंबांवरून आज थायरॉईडची जन्मजात कमतरताही कळते. ती बहुधा आनुवंशिक नसते, पण बरीच अधिक आढळते. आणि पहिल्या दोन आठवड्यांत साधी, स्वस्त गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखे वाढते.

मग आपण काय करावे? ही तपासणी सगळ्याच दवाखान्यांत होते असे नाही. हिवरखेडसारख्या गावातल्या माणसांनी बाळंतपणाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. रक्त साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतात. बाळ दूध ओढीनासे झाले, वारंवार ओकू लागले, मलूल पडले, झटके आले, लघवीला वेगळाच वास आला, तर “पोराले दृष्ट लागली” म्हणून मीठमोहऱ्या ओवाळीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधीचे मूल असेच दगावले असेल, तर तेही अवश्य सांगा. मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावाचून अंगावरचे दूध तोडू नका.

गुरुजनांना एक विनंती. वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक शाळेत आले, की ते मूल त्यांना दाखवा. त्याचे निदान उशिरा झाले, तरी त्याच्या पाठच्या भावंडाची तपासणी जन्मतःच करता येईल, आणि ते मूल वाचेल.