नाथसागरातली बेटं आणि त्यांचे पक्षी

पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 18 ऑक्टोबर 1965 रोजी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी ते लोकांना अर्पण केलं. शंभराहून अधिक गावं पाण्याखाली गेली. जी टेकाडं उंच होती त्यांचे माथे तेवढे वर राहिले. धरणाच्या जलाशयातली, म्हणजे नाथसागरातली, बेटं ती हीच. त्या गावांनी मोजलेली किंमत विसरून इथल्या पक्ष्यांचं कौतुक करता येत नाही. पण कौतुक करावं असं इथे खरोखर घडलं आहे. जिथे ज्वारी डोलत होती तिथे हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब उतरतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि रोहितही येतात. 1986 मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य झाला.

या वैभवाचं मूळ उथळपणात आहे. जलाशय सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो आणि त्यात जवळपास 2,900 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच भरते. सपाट पठारावर अडवलेलं पाणी थोडं जरी ओसरलं, तरी काठाचा लांबवर पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात शेकाट्या, शराटी, चमचे यांना चारा मिळतो.

बेट पक्ष्यांना कसं तारतं हे दुसरीकडेही दिसतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ईशान्येला हाउतुरू नावाचं बेट आहे. तिथलं जंगल पुरातन. हिही हा छोटा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फक्त या बेटावर उरला होता. पुढे माणसानेच नेलेली मांजरं 1980 पर्यंत आणि उंदीर 2004 मध्ये तिथून काढावे लागले. हाउतुरूला शेकडो वर्षांची झाडं आहेत. नाथसागराच्या बेटांचं वय अवघं पन्नाशीचं. तरी दोन्हीकडे पक्ष्यांना तारणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शिकारी जनावर आणि घरटं यांच्यामधलं पाणी.

नाथसागरावरच्या नदी सुरय या पक्ष्याला तर झाडही लागत नाही. उघड्या वाळूत, खडीत तो अंडी घालतो, तीही फेब्रुवारी ते मे या काळात. ऊन चढलं की सुरय पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतो. एवढी निगुतीची माया मला क्वचितच कुठे दिसते. आज हा पक्षी जागतिक यादीत असुरक्षित गणला जातो.

अडचण अशी, की त्याच महिन्यांत पाणी झपाट्याने उतरतं. सिंचन, शहरांचं पिणं आणि बाष्पीभवन मिळून बेटाभोवतीचा खंदक आटतो. बेट काठाला जोडलं गेलं की कोल्हे आणि भटकी कुत्री चालत अंड्यांपर्यंत पोचू शकतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. शेतकऱ्याला ती हवी, हे खरंच. म्हणून माझं म्हणणं इतकंच: सुरयाची घरटी असलेले माथे मेअखेरपर्यंत नांगर आणि गुरांपासून मोकळे ठेवावेत. गाळपेरीच्या मानाने ही जागा फारच थोडी आहे.