क्रेडिटच्या चिठ्ठ्या आणि शेजाऱ्यांचा बाजार

पासबुकात शिल्लक दिसते आहे, पण काउंटरवर आठवड्याला ठरावीक रकमेहून जास्त रोख मिळत नाही. अशा वेळी तुम्ही घर कसे चालवाल? डिसेंबर २००१ च्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाच्या खातेदारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. सरकारने आठवड्याला २५० पेसो एवढीच रोख रक्कम काढता येईल, अशी मर्यादा घातली. लोकांनी या बंदीला ‘कोरालितो’ म्हटले. लहान मूल रांगत बाहेर जाऊ नये म्हणून लावतात, ते छोटे कुंपण.

तेथे १९९१ पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदाच होता. त्याने महागाई आटोक्यात आली खरी, पण परदेशी माल स्वस्त पडू लागला, देशातले कारखाने बंद पडत गेले आणि कर्ज वाढत राहिले. हा दर टिकणार नाही, असे वाटून लोक ठेवी काढू लागले, तेव्हा ही मर्यादा आली. लोक घरातली भांडी वाजवत रस्त्यावर उतरले आणि २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांनी राजीनामा दिला. २००२ च्या सुरुवातीला पेसोची डॉलरशी असलेली गाठ सुटली. बँकेत डॉलरमध्ये ठेवलेल्या पैशांचे, एका डॉलरला १.४० पेसो या दराने, पेसो करून टाकले गेले. म्हणजे १,००० डॉलरच्या ठेवीचे झाले १,४०० पेसो. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत डॉलर साडेतीन पेसोंच्या पुढे गेला होता. आता तुम्हीच भागाकार करून पाहा. महागाईनुसार ठेवीत काही भर घातली जात होती, पण तिने ही तूट भरून निघाली नाही.

कोरालितोचा फटका ज्यांचे बँकेत खातेच नव्हते, त्यांनाही बसला. प्लंबर, शिवणकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले यांचा सगळा व्यवहार रोखीचा असतो. गिऱ्हाइकाच्याच हातात रोख नाही, तर त्यांना कोण देणार? माणसांकडे कसब होते, काहींकडे मालही होता. कमी होते ते देवाणघेवाणीचे साधन.

ते साधन लोकांनी स्वतःच तयार केले. त्याची सुरुवात मात्र संकटाच्या बरीच आधी झाली होती. १ मे १९९५ रोजी ब्युनोस आयर्सजवळच्या बर्नाल या वस्तीत वीसेक शेजारी एका गॅरेजमध्ये जमले आणि त्यांनी पहिला ‘त्रुएके’, म्हणजे अदलाबदलीचा क्लब काढला. दर आठवड्याला जमायचे. कोणी पाव आणायचे, कोणी भाजी, कोणी केस कापून द्यायचे. तुम्ही पाव दिलात म्हणजे तुमच्या नावावर जमा, भाजी घेतलीत म्हणजे नावे. ज्याच्याकडून भाजी घेतली, त्यालाच पाव दिला पाहिजे असे नाही. आपल्याकडच्या बलुत्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण बलुत्यात कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरलेले असे. येथे मात्र विकणारा आणि घेणारा एकच माणूस, आणि काय विकायचे हे त्याचे त्याने ठरवायचे.

सभासद वाढले तशी वहीतली नोंद जड जाऊ लागली. मग ‘क्रेडिट’ नावाच्या छापील चिठ्ठ्या आल्या. नव्या सभासदाला सुरुवातीला थोडी क्रेडिट मिळत, ती त्याने आपला माल आणून फेडायची अशी अपेक्षा असे. कोरालितोनंतर या बाजारांवर अक्षरशः गर्दी लोटली. २००२ मध्ये पंचवीस लाखांच्या आसपास लोक त्यांत भाग घेत असल्याचा अंदाज केला जातो. नोकरी गेलेले मध्यमवर्गीय लोक घरी केलेले केक, मुलांचे जुने कपडे, इंग्रजीची शिकवणी असे काय काय घेऊन येत.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत यांतले बहुतेक बाजार बसले.

हे कसे झाले, हे प्रत्येक बचतदाराने समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका बाजारात १०० पाव येतात आणि लोकांच्या हातात १०० क्रेडिट आहेत. पाव एका क्रेडिटला जातो. पुढच्या महिन्यात नवे लोक आले, त्यांना नव्या चिठ्ठ्या मिळाल्या, क्रेडिट झाली ३००. पण पाव १२०च आले, कारण पीठ विकत घ्यायला पेसो लागतात आणि गिरणीवाला क्रेडिट घेत नाही. आता तोच पाव अडीच क्रेडिटला. पाववाली विचार करते की या चिठ्ठ्यांचे मला काय मिळणार? ती यायची थांबते. पाव आणखी कमी, भाव आणखी वर.

अर्जेंटिनात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. त्यात भर म्हणजे चिठ्ठ्या वेगवेगळ्या संघटना छापत होत्या. कोण किती छापतो याचा हिशेब सगळ्यांपुढे नसे, आणि यावरूनच संघटनांत फूट पडली होती. मग बनावट चिठ्ठ्या आल्या आणि उरलासुरला विश्वास गेला. सरकारने बेरोजगार कुटुंबप्रमुखांना महिन्याला १५० पेसो द्यायला सुरुवात केल्यावर अनेकांना बाजाराची तेवढी गरजही राहिली नाही. तरी माझ्या मते खरा घाव आधीच बसला होता. वीस शेजाऱ्यांत न येणाऱ्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. हजारो अनोळखी लोकांच्या बाजारात ही लाज उरत नाही, आणि तिच्या जागी तपासणीची पक्की व्यवस्थाही कोणी उभी केली नव्हती.

त्या काळात लोकांनी मिळून उभे केलेले सगळेच मोडले असे नाही. चौकाचौकांत भरणाऱ्या वस्तीसभांनी एकत्र घाऊक खरेदी केली, सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. मालक सोडून गेलेले कारखाने कामगारांनी सहकारी पद्धतीने चालवले. न्यूकेन प्रांतातला सानोन हा फरशांचा कारखाना त्यांतला सर्वांत गाजलेला. २००३ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये ‘एलोइसा कार्तोनेरा’ ही प्रकाशन संस्था निघाली. पुठ्ठा वेचणाऱ्यांकडून ती चढ्या भावाने पुठ्ठा घेई आणि त्यावर हाताने रंगवून पुस्तकांची मुखपृष्ठे करी. या ठिकाणी रोजचा माल डोळ्यांपुढे तयार होत होता. पाव किती, फरशा किती, पुस्तके किती, हे मोजता येत होते.

तुमच्या बचत गटाकडे किंवा भिशीकडे या नजरेने एकदा पाहा. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्याबरोबर हिशेबाच्या नोंदी येतात, ते उगीच नाही. वही बैठकीत सगळ्यांपुढे वाचली जाते का? बँकेतल्या खात्यावर एकाहून जास्त जणींच्या सह्या लागतात का? नवा सभासद आला तर त्याला ओळखणारे गटात कोणी आहे का? ‘सभासद वाढवा, तुम्हाला जास्त मिळेल’ असे कोणी म्हणू लागले, तर तो पैसा कोणत्या कामातून येणार, हे तिथल्या तिथे विचारा.

बँकेतल्या ठेवीसाठी आपल्याकडे विम्याची सोय आहे. बँक अडचणीत आली तर ठेव विमा आणि पत हमी महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून, जास्तीत जास्त ५ लाख रुपये मिळतात. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत एकाच नावाने असलेल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. सहकारी पतसंस्थांतल्या ठेवींना मात्र हा विमा नाही, तेव्हा पैसे ठेवण्याआधी पाटीवरचे नाव नीट वाचा: ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’?