दोन जुड्यांनंतर उठायचं

सकाळी नऊ. निपाणीतल्या माझ्या दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं असतात. ताप-खोकल्यावाले उभे, दुखण्यावाले कडेला भिंतीचा आधार घेऊन बसलेले. ‘कंबर धरलीया’, ‘मान अवघडलीया’, ‘गुडघं उचलंनात’. संकेश्वरच्या बाजूचा एखादा कन्नड शेतकरी आत आल्या आल्या ‘सूजी हाकरी’ म्हणतो. भाषा दोन असल्या तरी मागणी एकच, सुई.

या मागणीला अडाणीपणा म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. मला तसं वाटत नाही. सुईनं दुखणं संध्याकाळपर्यंत दबतं, तेवढ्यात दिवसाची मजुरी पदरात पडते. माणूस हिशोबानंच सुई मागतो. अडचण एवढीच की डायक्लोफिनॅक हे दुखणं दाबणारं औषध सुईतलं असो की गोळीतलं, तेच. नव्या दुखण्यात चार दिवस दिलं तर ठीक. वर्षानुवर्षं घेतलं तर पोटात व्रण होतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. जनावरांसाठी हे औषध भारतात २००६ मध्ये बंद झालं, कारण मेलेली जनावरं खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. गिधाड त्या बाबतीत माणसापेक्षा फार नाजूक, हे खरं. तरीही बंदीला न जुमानता माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपीसुद्धा एका मात्रेपुरती, ३ मिलीची करावी लागली. गिधाडांसाठी सरकार पुनःपुन्हा हललं. कंबरदुखीवाल्यांसाठी एकदा हललं तरी पुरे.

साडेनऊ. बिडी वळणाऱ्या एक मावशी. आमच्या गावात दर दिवशी अशा कुणीतरी येतातच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, मान खाली, पाठीला कमान. पान वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हजार बिड्या वळायला आठ-दहा तास जातात. मजुरी हजारावर मिळते, आणि वाईट ठरवलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे नाहीत. यांची पाठ दोन वर्षांपासून दुखते. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या येतात.

आधी धोक्याचे प्रश्न. संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलंय? रात्री झोपेतून उठवणारा ठणका आहे? पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली, बसायच्या जागी बधिर वाटतं? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर पुढचं सगळं थांबवून मी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहितो. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे आणि तो कंबरदुखीच्या गर्दीत लपून बसतो. मावशींची सगळी उत्तरं ‘नाही’ आली. मग हातापायांची ताकद, बोटांची संवेदना, मनगट, मान तपासली.

“सुई घाला की ओ डॉक्टर, उद्या माल द्यायचाय.”

“मावशी, घरी आराम करा म्हटलं तर कराल?”

त्या हसल्या. ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला मी केव्हाच सोडून दिला. घरात वळणारी बाई विश्रांती घेते तेव्हा चूल थंड पडते. शिवाय जुन्या कंबरदुखीत नुसतं पडून राहण्यानं दुखणं वाढतं. म्हणून आमचा हिशोब जुड्यांचा. पंचवीस बिड्यांची एक जुडी. दोन जुड्या झाल्या की सूप बाजूला ठेवायचं, उभं राहायचं, दोन्ही हात वर ताणायचे, कंबर मागे वाकवायची, दाराशी जाऊन पाणी पिऊन यायचं. मिनिटभराचं काम. बसायला जमिनीऐवजी पाट किंवा घडी घातलेलं पोतं, पाठीमागं भिंत, आणि सुपाखाली उशी, म्हणजे मान तेवढी कमी वाकते. घड्याळ बघून उठा म्हटलं तर कुणी उठत नाही. जुड्या मात्र प्रत्येकीला मोजाव्याच लागतात.

मग दुखण्याबद्दल थोडं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे दर वेळी आत काही तुटलंय असं नाही. चोर कधीचा गेलेला असतो, कुत्रं मात्र पान हललं तरी भुंकतं. मज्जासंस्थेचं तसं होतं. हे सांगताना एक जपावं लागतं. दुखणं खोटं आहे, असं बाईला वाटता कामा नये. ते खरंच आहे. घरात कुणी मानत नाही, ही तिची अर्धी तक्रार असते. या सगळ्याला दहा-बारा मिनिटं गेली. २०१७ मध्ये जगभरातल्या पाहणीत भारतातल्या पहिल्या पायरीच्या डॉक्टरची सरासरी भेट सव्वादोन मिनिटांच्या आसपास निघाली होती. तेवढ्या वेळात सुई तेवढी टोचता येते.

अकरा ते बारा. ऊसतोड मजूर, गवंडी, हायवेवर रोज कोल्हापूरला फटफटीनं जाणारा कारकून. खांदे, गुडघे, टाचा. भराभर.

सव्वाबारा. एक तरुण शेतकरी एमआरआयचा लिफाफा टेबलावर ठेवतो आणि सांगतो, “गादी सरकलीया, आता वाकायचं नाही म्हणल्यात.” भीतीनं त्यानं सहा महिने म्हशीची धारही काढलेली नाही. पाठीला पट्टा, तोही रात्रंदिवस. मी त्याला आकडे दाखवतो. कसलंही दुखणं नसलेल्या माणसांचे फोटो काढून पाहिले, तर विशीतल्या शंभरांत ३७ जणांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ जणांच्या. पायात जोर आहे, लघवी-शौच व्यवस्थित आहे. हा फोटो त्याच्या वयाचा आहे, आजाराचा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीसाठी जो सल्ला दिला, त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं याला होकार आहे, पट्ट्याला नकार. पट्टा काढायला मात्र तो तयार झाला नाही. उद्यापासून बांधापर्यंत चालत जातो म्हणाला. ठीक आहे.

दुपारी अडीच. वखारीत हयात घालवलेल्या एका आजींच्या घरी, गुडघ्यांसाठी. तंबाखू चाळणं, निवडणं, पोती ओढणं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निपाणीच्या वखारींतल्या बायकांनी संघटना बांधली, आणि युगांतर या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. आजींना त्या वेळच्या मोर्च्यांच्या घोषणा आठवतात, कालची गोळी घेतली का ते आठवत नाही. भांडून मजुरी वाढली, गुडघ्यांचं काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू-सांध्यांची दुखणी व्यवसायजन्य आजार म्हणून आहेत. आपल्या जुन्या कारखाना कायद्याच्या यादीत शिसं होतं, सिलिकोसिस होता, कंबर नव्हती. बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्या निधीसाठी बिड्यांवर बसवलेला उपकर २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गेला. आजींना खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम शिकवला. पाचव्या वेळी शिवी हासडली, पण उठल्या.

संध्याकाळी सात. हा रुग्ण मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. चेहरा गोल, गाल तुकतुकीत, दंड बारीक, कातडीवर निळे डाग. सांधेदुखीवर कुणीतरी दिलेली पुडी तो दोन वर्षं घेतोय. “गुण लगेच आला बघा.” येणारच. कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या भुकटीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो. म्हणून ‘टाकून द्या’ असं मी म्हणत नाही. आधी तपासण्या, मग मोजून दिलेली गोळी, ती आठवड्या-आठवड्यानं कमी करत न्यायची. त्याच्या बायकोला जवळ बसवून सगळं दोनदा सांगितलं. अर्ध्या तासाचं काम, आणि बाहेरची रांग कुरकुरतेय.

पावणेनऊ. गल्ला मोजायची वेळ. सुई टोचली की लोक पैसे खुशीनं देतात. नुसतं बोललं, व्यायाम शिकवला, तर ‘औषध काय दिलं?’ म्हणून घासाघीस होते. जुन्या दुखण्याचा उपचार गावपातळीवर इथंच अडतो. व्यायाम शिकवणारा माणूस प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसला, तरी निपाणी-चिकोडीतल्या निम्म्या सुया कमी होतील, असं माझं मत आहे. तोवर दुखण्यासाठी कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा घरात घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. कागदातली पुडी असेल तर ती लपवू नका, सगळ्यात आधी तीच टेबलावर ठेवा.