आधी साबण, मग सुगंध



काही वर्षांपूर्वी आईने दहा हाका मारल्या तरी तुम्ही आंघोळीला उठत नव्हता. आता मात्र आरशासमोरून हलत नाही. केसांचा भांग दोनदा पाडता, शर्टाची कॉलर नीट करता, मोठ्या भावाच्या कपाटातली अत्तराची कुपी शोधून काढता. घरातील मंडळी चिडवतात. पण यात लाजण्यासारखे काही नाही. तुमचे शरीर बदलत आहे, म्हणून स्वतःकडे तुमचे लक्ष जाऊ लागले आहे.

हा बदल समजून घेऊ या. आपल्या त्वचेत घामाच्या दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी जवळजवळ सर्व अंगावर असतात आणि लहानपणापासून काम करतात. त्यांच्या घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. हा घाम वाळताना शरीर थंड होते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. त्या बालपणी जणू झोपलेल्या असतात आणि किशोरवयात जाग्या होतात. त्यांचा घाम थोडा दाट असतो. नवल असे, की ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. त्वचेवर राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा वास निर्माण होतो. दोष घामाचा नाही. तो वेळेवर धुतला न जाण्याचा आहे.

मुंबईची हवा दमट आहे. हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यामुळे घाम लवकर वाळत नाही. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून लोकलने निघालेला माणूस गर्दीत कडी धरण्यासाठी हात वर करतो, तेव्हा शेजारच्या प्रवाशाला त्याच्या स्वच्छतेची परीक्षा नाइलाजाने घ्यावी लागते!

यावरचा उपाय महाग नाही. तुमच्या वस्तीत नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तरी एक बादली पाणी पुरते. काखा, जांघा आणि पाय साबणाने धुवा. अंग नीट कोरडे करा, कारण ओलसर जागी जीवाणू व बुरशी लवकर वाढतात. बनियन आणि मोजे रोज बदला. कालच्या बनियनमध्ये कालचा घाम तसाच असतो. पॉलिएस्टरपेक्षा सुती कापड घाम चांगला शोषते.

आता सुगंधाकडे वळू. ‘अत्तर’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतील ‘इत्र’ आणि मराठीतील ‘अत्तर’ ही एकाच अरबी मुळाची फळे आहेत. तुम्ही जुम्याच्या नमाजला किंवा ईदला अत्तर लावता. मराठी घरांत दिवाळीच्या पहाटे सुगंधी उटणे लावून स्नान करतात, आणि लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावून गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवर अत्तराची अनेक दुकाने आहेत. उत्तर प्रदेशातील कन्नौज हे गाव तर अत्तरासाठीच प्रसिद्ध आहे. तेथे तांब्याच्या डेगमध्ये फुले आणि पाणी घालून खाली जाळ करतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्यात परंपरेने चंदनाचे तेल असते. ते सुगंध धरून ठेवते. अत्तर तेलकट असल्यामुळे हळूहळू दरवळते आणि एखादा थेंबही पुरतो.

कोलोनची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरीना या इटालियन अत्तरकाराने जर्मनीतील कोलोन शहरात एक सुगंधी द्रव्य तयार केले आणि त्याला त्या शहराचे नाव दिले. त्यात मुख्यतः अल्कोहोल असते. ते भराभर उडते, म्हणून कोलोन लावल्यावर गार वाटते, पण सुगंध फार वेळ टिकत नाही. याच गारव्यासाठी पूर्वी तापलेल्या माणसाच्या कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत असत.

दुकानात मिळणाऱ्या स्प्रेचेही दोन प्रकार आहेत. डिओडरंट वास कमी करतो किंवा झाकतो. घाम रोखणाऱ्या स्प्रेमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाची छिद्रे काही काळ बंद करतात. यांपैकी कोणताही स्प्रे आंघोळीची जागा घेऊ शकत नाही. घामावर सुगंध मारला, तर दोन वास एकत्र येतात, आणि ते मिश्रण मूळ वासापेक्षाही असह्य होते.

काही गोष्टी जपा. अनेक स्प्रेंच्या डब्यांत पेट घेणारा वायू असतो. म्हणून शेगडीजवळ किंवा बंद खोलीत फवारा मारू नका. गंमत म्हणून स्प्रे हुंगणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्यामुळे हृदय अचानक बंद पडू शकते. उग्र सुगंधाने दम्याच्या रुग्णाला त्रास होतो, म्हणून वर्गात येताना बेताने लावा. मिशी फुटू लागली, की दुसऱ्याचे ब्लेड वापरू नका. त्यातून कावीळ ‘ब’सारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. सलूनमध्येही नवे ब्लेड मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

जाहिरातींपासूनही सावध राहा. रूप खुलवणाऱ्या वस्तूंचा बाजार मुंबईला नवा नाही. १९१९ साली ई. एस. पाटणवाला यांनी येथेच ‘अफगाण स्नो’ हे क्रीम बाजारात आणले. २००५ साली खास पुरुषांसाठी गोरेपणाचे क्रीम आले. २०२० साली मात्र ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. सावळा रंग हा मळ नव्हे, की घासून काढावा. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते चेहऱ्याला लावले, तर त्वचा पातळ होते आणि मुरुम वाढतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर्गात एखाद्या मुलाच्या अंगाला वास आला, की बाकीचे नाक दाबून हसतात. त्याच्याकडे शाळेचा एकच शर्ट असेल, त्याच्या घरी दोन दिवस पाणी आले नसेल, याचा विचार कोणी करत नाही. तो मुलगा मग मागच्या बाकावर जातो, खेळायला येत नाही, हळूहळू शाळाच टाळू लागतो. तुम्ही त्याचे मित्र असाल, तर त्याला बाजूला घ्या आणि हळू आवाजात, आपुलकीने सांगा. जी गोष्ट तुम्हाला या पाठात कळली, ती त्यालाही कळू द्या. अत्तराचा दरवळ संध्याकाळपर्यंत राहील, पण तुमचे ते चार शब्द त्याला जन्मभर आठवतील.