तीन वर्षांचे रविवार

दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून एक वजा केला असता उरणारी ४,१०,२४,३२० अंकांची संख्या मूळ असल्याचे २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाले, तेव्हापासून तिच्या विराटपणाचेच पवाडे चोहीकडे गायिले जात आहेत. परंतु १७ देशांतील भाड्याची यंत्रे राबवून ल्यूक ड्युरंट यांनी संपादिलेल्या या विक्रमास मुजरा करूनही, प्रस्तुत लेखकाचे मन मात्र तिच्याच कुळातील अवघ्या २१ अंकांच्या एका संख्येपाशी घुटमळते.

ती म्हणजे दोनाचा ६७ वा घात वजा एक, अर्थात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. फ्रेंच संन्यासी मारँ मर्सेन यांनी १६४४ साली अशा मूळ संख्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत ६७ हा घातांक त्यांनी बेलाशक दाखल केला. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नव्हे, संयुक्त आहे, असे सिद्ध केले. पण त्यांच्या रीतीची खुबी अशी, की संख्येला अवयव आहेत एवढेच ती सांगते, ते कोणते याचा मागमूस लागू देत नाही. चोरी शाबीत व्हावी आणि चोर व मुद्देमाल दोन्ही बेपत्ता असावेत, तसाच हा मामला.

मुद्देमाल हजर झाला तो ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये, अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले, चकार शब्द न काढता त्यांनी एकीकडे दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणिले, आणि दोन्ही उत्तरे जुळताच ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. किती काळ लागला, या प्रश्नावर ‘तीन वर्षांचे रविवार’ एवढेच ते उत्तरले, अशी आख्यायिका एरिक टेंपल बेल यांनी नमूद करून ठेविली आहे.

हे रविवार अंधारात चाचपडण्याचे नव्हते. अशा संख्येच्या कोणत्याही अवयवास ६७ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, हा नियम असंख्य उमेदवारांस परस्पर बाद करतो. कोल यांच्या पहिल्या अवयवातून एक वजा करून ६७ ने भागावे, भागाकार बिनबाकी २८,९१,१६० येतो.

व्यवहारातील गुप्तलेखनास काही शे अंकांच्या मूळ संख्या पुरतात. चार कोटी अंकांच्या संख्येचा तेथे काडीइतका उपयोग नाही, आणि तिचा पडताळा यंत्रावाचून कोणास घेता येणार नाही. कोल यांचा फैसला मात्र शाळकरी मुलासही तपासता येतो, आणि माझ्या मते गणिताचे खरे वैभव त्यातच आहे. एखाद्या रविवारी वाचकाने वहीचे एक पान घ्यावे, आठ ओळींचा तो गुणाकार स्वहस्ते मांडावा, आणि शेवटी ९२७ येतात की नाही, ते पाहावे.